रात्री जेवल्यावर खाली उतरा, शहाडकरांनो!

साखरेचा रिपोर्ट 'नॉर्मल' आला की तो कपाटात जातो आणि आपण निर्धास्त होतो. पण ती साखर आटोक्यात ठेवायला स्वादुपिंडाला किती राबावं लागलं, ते त्या कागदावर कुठेच नसतं.

जेवणातून रक्तात उतरलेली साखर पेशींत जावी म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. पेशी त्याला चटकन दाद देतात तोवर थोडक्यात भागतं. हीच इन्सुलिन संवेदनशीलता. ती मंदावली की तेवढ्याच कामाला कितीतरी जास्त इन्सुलिन लागतं. सेंच्युरी रेयॉन कारखान्याच्या पाळ्यांवर ज्या वस्तीचं घड्याळ चाललं, तिला ओव्हरटाइम समजावून सांगायला नको: माल ठरल्याप्रमाणे निघतो, माणूस झिजतो. स्वादुपिंड वर्षानुवर्षं असं राबतं आणि ते थकल्यावरच रिपोर्टातला आकडा चढतो. वाचवायचं ते त्याच्या आधी.

"मी कुठे जाडा आहे?" हा आपला ठरलेला प्रश्न. त्याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी स्वतःचंच उदाहरण देऊन दिलं. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, अशी आपली घडण. पोटातली चरबी यकृतात आणि स्नायूंत शिरली की इन्सुलिनचं म्हणणं पेशींपर्यंत पोचत नाही. त्यामुळे वजनकाट्यावर विसंबू नका, कमरेला टेप लावा.

आता आपला दिवस पाहा. सकाळी चहात बुडवलेली बिस्किटं, स्टेशनबाहेर वडापाव, ऑफिसात खुर्ची. संध्याकाळी तासभर लोकलमध्ये उभं राहून पाय दुखतात, पण तो व्यायाम नव्हे, नुसता शिणवटा. घरी पोचायला साडेनऊ, मग भाताचा डोंगर, मोबाइल आणि झोप. रात्रपाळीवाल्यांचं तर विचारूच नका. अपुरी झोप एकटीसुद्धा ही संवेदनशीलता खाली आणते.

जेवणातली साखर सर्वांत जास्त शोषून घेतात ते स्नायू. शिवाय चालताना आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढतो. म्हणून जेवणानंतर वीस मिनिटं चालणं मोलाचं. व्यायामानंतरचे एक-दोन दिवस पेशी इन्सुलिनला अधिक दाद देतात, मग तो गुण ओसरतो. रविवारी टर्फवर क्रिकेट खेळून आठवडा निघत नाही, तो यामुळे. आणि चालण्याबरोबर आठवड्यातून दोनदा उठाबशा, जोर, जिना हवाच, कारण स्नायू जितका जास्त तितकी साखरेला जागा जास्त. जुन्या चारमजली इमारती पाडून लिफ्टचे टॉवर आले. सोय झाली, पण फुकटचा व्यायाम गेला.

ताटात मोठी क्रांती नको. भात निम्मा करा, त्या जागी मटकीची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर येऊ द्या. आधी भाजी-उसळ खा, भात शेवटी. चार चहांतली साखर कमी करा. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळच्या जेवणाने आणि पंचेचाळीस मिनिटांच्या चालण्याने घराघरांत वाद पेटवले. मला त्यातला सततच्या चरण्याला घातलेला लगाम पटतो, दोनच वेळचा हट्ट प्रत्येकाला झेपेल असं वाटत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत, साखर एकदम घसरू शकते.

"याने खरंच काही होतं का?" होतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 जणांवर अभ्यास केला, तो 2006 साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नेहमीसारखं जगणाऱ्यांपैकी 55 टक्क्यांना मधुमेह झाला. आहार आणि चालणं सांभाळणाऱ्यांत हे प्रमाण 39.3 टक्के राहिलं, तेही त्यांचं वजन फारसं न उतरता. औषधाच्या दुकानात न मिळणारी ही गोष्ट आहे.

तेव्हा आज रात्री भांडी घासून होताच सगळे खाली या. आजी-आजोबांना, दहावीच्या मुलांनाही आणा. सोसायटीच्या कमिट्यांनो, कंपाउंडमधल्या गाड्या एका बाजूला लावून चालायला पट्टा मोकळा करा, दिवे लावा. बिर्ला मंदिराकडे संध्याकाळी जाणाऱ्यांनो, रिक्षा सोडा. आणि आपण दोन महापालिकांच्या हद्दीवर राहतो, तर कल्याण-डोंबिवली असो की उल्हासनगर, मत मागायला जो येईल त्याला एकच विचारा: रात्री दहा वाजता माझी आई घरापासून स्टेशनपर्यंत न ठेचकाळता चालत जाईल असा फुटपाथ कधी देता?