मुखपट्टीची वीण कोणी मोजली?

कापडी मुखपट्टीवरचा वाद अजून शमलेला नाही. एक पक्ष म्हणतो, ती निव्वळ चिंधी होती आणि साथीच्या काळात लोकांना उगाच नाक झाकायला लावले. दुसरा पक्ष म्हणतो, तोंडावर कापड होते म्हणूनच जीव वाचले. दोघेही ‘कापड’ ही जणू एकच वस्तू आहे असे गृहीत धरतात. वादातली मूळ चूक हीच आहे.

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे असे गृहीतक कोणी ऐकूनही घेणार नाही. कावेरीकाठच्या या गावाजवळच तिरुभुवनम आहे आणि तेथील रेशमी साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. या परिसरातील विणकरांच्या दृष्टीने कापड म्हणजे ताणा किती धाग्यांचा, बाणा कोणता, फणी किती बारीक, सूत एकेरी की पिळाचे, या सगळ्यांची बेरीज. दोन कापडे दिसायला सारखी असली, तरी धाग्यांच्या संख्येने ती वेगळी ठरतात. विणकर हा फरक रोज हाताळतो. सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेने मात्र तो विचारातच घेतला नाही.

तो किती मोठा असतो, हे एप्रिल २०२० मध्ये शिकागो विद्यापीठ व आरगॉन प्रयोगशाळेतील संशोधकांनी दाखवले. ३०० नॅनोमीटरहून लहान कणांपैकी इंचाला ८० धागे असलेल्या सुती कापडाच्या एका थराने सरासरी ९ टक्के अडवले, तर ६०० धाग्यांच्या कापडाने ७९ टक्के. सूत आणि रेशीम एकत्र घेतल्यावर हे प्रमाण ९४ टक्क्यांवर गेले. मात्र कापडाच्या क्षेत्रफळाच्या अवघी एक टक्का फट ठेवताच तेच प्रमाण ३७ टक्क्यांवर घसरले. एन-९५ मुखपट्टीचीही फटीपुढे अशीच दैना झाली. प्रयोगशाळेतले आकडे चेहऱ्यावर जसेच्या तसे उतरत नाहीत, हे खरे. तरीही वीण, थर आणि फट यांवाचून मुखपट्टीविषयी काहीही बोलणे व्यर्थ आहे, एवढे त्यांतून निश्चित होते.

आता धोरणाकडे पाहावे. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने ३१ मार्च २०२० रोजी घरगुती मुखपट्टीची पुस्तिका काढली. दुहेरी सुती कापड वापरावे, रोज साबणाने धुवावे, उन्हात वाळवावे, असा तिचा सल्ला होता. जागतिक आरोग्य संघटना तेव्हा निरोगी नागरिकांनी मुखपट्टी लावण्यास पुरेसा आधार नसल्याचे सांगत होती. तिने तिहेरी कापडी मुखपट्टीची शिफारस केली ती थेट ५ जूनला. म्हणजे या बाबतीत भारताचे पाऊल आधी पडले होते. पण पुढे काय झाले? शिकवण मागे पडली आणि दंड पुढे आला. तमिळनाडूत सप्टेंबर २०२० मध्ये मुखपट्टी नसल्यास २०० रुपये दंड ठरला. दंडाच्या पावतीवर थर, वीण वा फट यांसाठी रकाना नव्हता. नाकावर ओढलेला खांद्यावरचा विरविरीत पंचा आणि नीट शिवलेली तिहेरी पट्टी रस्त्यावर सारखीच ठरली. ज्या उपायाचे सारे मर्म प्रतीत आहे, त्याची केवळ उपस्थिती मोजली गेली.

विरोधक दोन पुरावे पुढे करतात. हनोईतील रुग्णालयांमधील चाचणीत (२०१५) कापडी मुखपट्टी लावणाऱ्या कर्मचाऱ्यांना संसर्ग अधिक झाला. बांगलादेशातील ६०० गावांच्या चाचणीत (२०२१) सर्जिकल मुखपट्टीने लक्षणांसह होणारा संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी घटला, पण कापडी मुखपट्टीचा परिणाम निश्चित सांगता आला नाही. हे पुरावे झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण ते नेमके काय सांगतात? रुग्णालयात, विषाणूच्या सततच्या सान्निध्यात, कापड पुरे पडत नाही. आणि बांगलादेशात वापरलेल्या कापडाची गाळणक्षमता मोजली असता ती ३७ टक्के निघाली, सर्जिकलची ९५. म्हणजे त्या चाचणीने कापड या जातीला नव्हे, एका विशिष्ट कापडाला तपासले. तेथे निदान मोजले तरी गेले!

आणीबाणीत असली मोजमापे परवडत नाहीत, हा आक्षेपही टिकत नाही. त्याच २०२० साली कोइम्बतूरची ‘सिट्रा’ ही वस्त्रसंशोधन संस्था डॉक्टरांचे संरक्षक पोशाख तपासून प्रमाणित करत होती. राज्यात विणकर होते, १९३५ पासूनची को-ऑप्टेक्स ही सहकारी विक्रीव्यवस्था होती आणि तपासणीची यंत्रेही होती. डॉक्टरांच्या पोशाखाला लावलेली कसोटी भाजीवालीच्या मुखपट्टीला लावण्याची गरज कोणाला वाटली नाही. महागडी मुखपट्टी रोज विकत घेणे जिला शक्य नव्हते, तिच्याच वाट्याला न मोजलेले कापड आले आणि दंडाची भीतीही.

श्वसनाची पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. तयारी मात्र आजपासून करता येते. कोणत्या विणीचे, किती थरांचे कापड किती कण अडवते आणि त्यातून श्वास किती सहज घेता येतो, याची साधी सारणी हातमाग सहकारी संस्थांनी वस्त्रसंशोधन संस्थांच्या मदतीने तयार ठेवावी. नाकावर वळणारी तार आणि गालाशी फट न ठेवणारा कट शाळेच्या शिवणवर्गात शिकवावा. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ‘मुखपट्टी उपयोगी की निरुपयोगी’ हा प्रश्न परत करून आधी कापडाचा तपशील मागावा. तो न देता कोणी ठाम उत्तर देत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही, मग तो सरकारी अधिकारी असो वा समाजमाध्यमावरचा संशयवादी.