मांडव्याच्या रस्त्यावरील वहिवाट

भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२० मध्ये मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि मांडवा हे बंदर मुंबईच्या उंबरठ्यालाच येऊन लागले. वडखळमार्गे शंभर किलोमीटरांहून अधिक अंतराचा, तीन-चार तास खाणारा प्रवास आता तासाभराच्या जलमार्गाने आटोपतो. आणि शनिवार-रविवारच्या सकाळच्या फेरीला मोटारींच्या रांगांबरोबरच हलक्या, बारीक टायरांच्या सायकलींचा एक ताफाही धक्क्यावर उतरतो. सासवणे-आवासकडची किनाऱ्याची वाट असो की झिराड-चोंढीवरून अलिबागेस जाणारा हमरस्ता असो, दिवस वर येण्यापूर्वी हे स्वार वीस-वीस, तीस-तीसच्या घोळक्याने तो तुडवीत जातात, आणि त्यांच्या पाठोपाठ या गावांतून एक कुरबूरही आता ऐकू येऊ लागली आहे.

ही कुरबूर क्षुल्लक म्हणून झटकून टाकण्याजोगी मुळीच नाही. चोंढीच्या नाक्याअलीकडे मासळीची पाटी डोईवर घेऊन बाजाराकडे निघालेली एक प्रौढ कोळीण मी परवा पाहिली. पाठीमागून वाऱ्यासारखा आलेला स्वारांचा जथा तिच्या कोपराला जवळजवळ घासून निघून गेला, तिने दचकून गटाराच्या कडेला पाय टाकला, पाटीवरचे ओले फडके रस्त्यावर पडले. ते उचलून झटकताना ती म्हणाली, "जावा रं बाबांनो, पन घंटी तरी वाजवा!" तिच्या या एका वाक्यात सगळी फिर्याद आली. शर्यतीच्या धाटणीच्या या सायकलींना बहुधा घंटी नसतेच. वजन वाचविण्याच्या सोसापायी ती प्रथम काढली जाते. मोटारीचा घरघराट दुरून ऐकू येतो, पण ताशी तीस किलोमीटरांनी येणारी सायकल निःशब्द असते, आणि वृद्ध मनुष्यास, शाळकरी पोरास किंवा रस्त्यात रवंथ करीत बसलेल्या गुरास तिची चाहूल लागत नाही.

अशा तक्रारीतून पुढे काय उद्भवते हे पाहावयाचे झाल्यास विलायतेतील सरे परगण्याचे उदाहरण घेण्यासारखे आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकची सायकल-शर्यत तेथील बॉक्स हिल या टेकडीभोवती झाली आणि पुढील वर्षापासून हजारो हौशी स्वारांची शंभर मैलांची वार्षिक फेरी त्याच गावरस्त्यांवरून, ते दिवसभर बंद ठेवून, काढली जाऊ लागली. सरेचा सायकलमार्ग करणे थांबवा, अशा आशयाची मोहीम रहिवाशांनी उभारली. त्यांचा रोष त्या एका दिवसापुरता नव्हता. सरावासाठी वर्षभर दर सुटीस येणाऱ्या स्वारांच्या झुंडींनी तो साचत गेला होता. अखेर २०२० मध्ये परगण्याच्या कौन्सिलने ती फेरी पुढे न भरविण्याचा ठराव केला आणि २०२२ पासून ती एसेक्सकडे गेली. विलायतेतच न्यू फॉरेस्ट या रानात, जेथे चराईचे परंपरागत हक्क असलेल्या लोकांची तट्टे मोकळी हिंडतात, प्रकरण याहून हातघाईवर आले आणि स्वारांच्या वाटेवर टाचण्या पसरण्यापर्यंत काहींची मजल गेली. ज्या गाऱ्हाण्यास वेळीच कोणी कान दिला नाही त्याची अशी विषारी परिणती व्हावी, हे मला त्या सबंध कथेतले सर्वांत दुःखद कलम वाटते.

आपल्याकडे ही कुरबूर अद्याप पारावरच आहे. तिने अर्जाचे रूप घेतले तर तो अर्ज मनाईहुकमाची मागणी करील, आणि तेथेच माझा जीव धास्तावतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ अन्वये रस्त्यांवरील रहदारीचे नियमन करण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांस आहे, म्हणजे असा हुकूम निघणे अशक्य कोटीतले नव्हे. पण हुकमाला माणसाची पारख नसते. लाखाची सायकल आणि गंजलेली सायकल यांत तो भेद करीत नाही. कोलकात्यात २०१३ साली मोटारींच्या वेगास अडथळा नको म्हणून पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलींस मज्जाव केला, तेव्हा त्याची झळ लागली ती दूधवाल्यांना, वर्तमानपत्रे टाकणाऱ्यांना, कामावर जाणाऱ्या मजुरांना. मांडव्याच्या रस्त्यावरही तेच होईल. सकाळी सात वाजता झिराडच्या बाजूने येणारा गवंडी पाहावा: कॅरिअरला दोरीने करकचून बांधलेले घमेले, त्यात थापी आणि ओळंबा, दांडीला डब्याची पिशवी, ज्यांच्या बंगल्यांच्या भिंती तो बांधतो त्यांच्या मोटारी त्याला दर दोन मिनिटांनी रस्त्याच्या कडेला लोटीत असतात. मानव विकास कार्यक्रमाखाली आपले शासन मागास तालुक्यांतील मुलींना, शाळा सुटू नये म्हणून, सायकली देते. ज्या वाहनावर एका खात्याने मुलींचे शिक्षण उभे केले त्याच वाहनास दुसऱ्या खात्याने रस्ता नाकारावा, यासारखी विसंगती नाही.

शिवाय या रस्त्यावर दाटी कोणामुळे झाली, याचाही निवाडा निखळपणे व्हावयास हवा. बोटीच्या एका फेरीत शे-दीडशे वाहने मावतात, आणि ती सर्व एकदम त्याच अरुंद रस्त्यावर ओतली जातात. माणूस व सायकल मिळून शंभर किलो वजन भरत नाही. मोटार दीड-दोन टनांची. तिचा वेग तिसाचा साठ झाला की धडकेची शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. धरमतरच्या खाडीवर रेवस-करंजा पूल होऊ घातला आहे, तो झाल्यावर ही गर्दी कितीतरी वाढेल. त्या कोळिणीला गटाराकडे ढकलणारे सायकलस्वार होते हे खरे, पण तिच्या पायाखाली चार हात साईडपट्टी असती तर तो प्रसंगच ओढवला नसता. आणि ती पट्टी सायकलवाल्यांनी खाल्लेली नाही.

म्हणून माझी विनंती दोन्ही पक्षांना आहे, आणि आधी ती मुंबईहून येणाऱ्या स्वारांना आहे. आपण ज्या वाटेवर व्यायाम करता तीवर या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे. वस्ती लागली की वेग उतरवावा, दोघांहून अधिकांनी शेजारी-शेजारी जाऊ नये, सायकलीस घंटी लावावी. इंग्लंडात १८८८ च्या कायद्याने वाटसरूस मागे टाकताना घंटीने, शिटीने वा अन्य रीतीने ऐकू येईल अशी सूचना देण्याची सक्ती होती. आपल्याकडेही नगरपालिकेचा बिल्ला आणि रात्री दिवा यांवाचून सायकल रस्त्यावर आणण्याची एके काळी सोय नव्हती, आणि त्या काळच्या स्वारांनी त्यात कमीपणा मानला नाही. श्रावणी सोमवारी मापगावाकडून कनकेश्वराचा डोंगर चढणाऱ्या भाविकांची रीघ लागते. त्या दिवशी, आणि शिमग्याच्या व गणपतीच्या दिवसांत, स्वारांनी हा मार्ग टाळावा. आपापल्या मंडळांतर्फे वाटेवरील ग्रामपंचायतींना हे सारे लेखी कळवावे, आणि त्या कागदावर एका जबाबदार व्यक्तीचे नाव असावे, म्हणजे तक्रार कोणाकडे न्यावयाची हे गावकऱ्यांस माहीत राहील.

आणि ग्रामपंचायतींनी, येत्या ग्रामसभेत हा विषय निघाल्यास, मनाईचा ठराव करू नये. मांडव्याच्या धक्क्यापासून चोंढीपर्यंत दोन्ही बाजूंस पक्की साईडपट्टी, वस्तीच्या हद्दीत मोटारींना वेगमर्यादा आणि ती पाळली जाते की नाही हे बोटीच्या वेळी पाहणारा एक पोलीस शिपाई, एवढी मागणी त्यांनी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे व जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी. त्या अर्जाखाली गवंड्याने, कोळिणीने आणि शाळकरी मुलींच्या पालकांनी सह्या कराव्यात. रविवारच्या सायकलस्वारांच्या सह्याही त्याच कागदावर घ्याव्यात.