गव्हाणीत सगळ्यांचा ऊस एकच होतो



शेतकी खात्याने उसावर लिहावे, हे लाल वाइनचे पुराण कशाला, असे आपल्यापैकी कुणी विचारील. विचारणे रास्त आहे. वाइन प्या असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. पण दक्षिण फ्रान्समधील एका द्राक्षपट्ट्याची हकीकत अशी आहे की, गावांची नावे बदलली तर ती आपल्याच कार्यक्षेत्रातली वाटावी. वजन मोठे की गोडी मोठी, हा वाद आपण दर हंगामात काट्यावर उभे राहून घालतो. त्या मुलखाने याच वादाची जबर किंमत मोजली आहे.

त्या मुलखाचे नाव लांगदोक. भूमध्य समुद्राला लागून असलेला हा फ्रान्सचा सर्वांत मोठा द्राक्षपट्टा. त्यातच कार्कासोन आणि नार्बोन या दोन शहरांच्या दरम्यान, काळ्या डोंगराच्या पायथ्याशी मिनेर्वुआ नावाचा भाग आहे. पाऊस बेताचा, उन्हाळा कडक, वारा जोराचा आणि उतारावरची जमीन चुनखडीची, गोट्यांची. आपल्याकडे अशा जमिनीला कुणी ऊसकरी हात लावणार नाही. या भागाची लाल वाइन एका जातीच्या द्राक्षाची नसते. सिरा, ग्रनाश, मूर्वेद्र, कारिन्यां, सँसो अशा जातींचे ते मिश्रण असते. सिरा रंग आणि वास देते, ग्रनाश गोडीमुळे जोर देते, कारिन्यां आंबटपणा आणि कणखरपणा देते. प्रत्येक जात वेगळ्या वेळी पिकते, म्हणून ज्या त्या वेळी तोडतात आणि मग जाणकार माणूस प्रमाण ठरवून मिसळतो.

पण मिश्रण तिथे पूर्वीही होत होते, आणि ते निराळे होते. एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली, उत्तरेकडच्या कारखान्यांतील मजुरांना स्वस्त वाइन हवी होती. १८६३ च्या सुमारास मुळे खाणारी फायलोक्झेरा ही कीड आली आणि वेली वाळल्या. अमेरिकन खुंटावर कलमे बांधून लागवड पुन्हा उभी राहिली खरी, पण आता वेली डोंगर सोडून खालच्या सपाट, भारी जमिनीत उतरल्या. तिथे आरामोन नावाची जात फोफावली. हेक्टरी ३०० हेक्टोलिटर, कधी त्याहूनही जास्त रस. म्हणजे एकरी १२ हजार लिटर! शेतकरी खूष. पण त्या रसाला ना रंग, ना जोर. मग अल्जीरियातून गडद, कडक वाइन आणायची आणि त्यात ही पातळ वाइन मिसळून खपवायची. ते मिश्रण उणेपणा झाकण्यासाठी होते.

त्यातच १९०३ मध्ये फ्रेंच सरकारने साखरेवरील कर उतरवला. साखर स्वस्त होताच व्यापाऱ्यांनी पाणी आणि साखर घालून बनावट वाइन बाजारात ओतली. (ती साखर उत्तर फ्रान्समधल्या बीटाची बरं का, आपल्या उसाची नव्हे!) एकीकडे अमाप पीक, दुसरीकडे बनावट माल. भाव इतका पडला की तोडणीचा खर्चही निघेना. ११ मार्च १९०७ रोजी आर्जलिये गावचे ८७ शेतकरी गाऱ्हाणे घेऊन नार्बोनला गेले. त्यांचा पुढारी मार्सेलँ आल्बेर हा द्राक्षे पिकवणारा आणि छोटे कॉफीगृह चालवणारा साधा माणूस. ९ जूनला मोंपेलिए शहरात निदान पाच लाख माणसे जमली. नार्बोनला सैन्याने गोळीबार केला, सहा जीव गेले. त्यांना आवरायला ठेवलेल्या १७ व्या पलटणीतल्या सैनिकांनी बंड केले, कारण ती शेतकऱ्यांचीच पोरे होती. अखेर २९ जून १९०७ रोजी कायदा झाला. साखर घालण्यावर बंधन आले आणि किती पीक काढले हे प्रत्येकाने जाहीर करणे सक्तीचे झाले.

सहकारही त्याच मातीत उगवला. बेझिएजवळच्या मारोसां गावात १९०१ मध्ये शेतकऱ्यांनी एकत्र येऊन संस्था काढली आणि आपली वाइन दलालाला टाळून थेट पॅरिसच्या ग्राहक संस्थांना विकली. आपल्याकडे प्रवरेच्या सहकारी कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ मध्ये झाले, त्याआधी अर्धशतकाची ही गोष्ट. नंतर गावोगाव सहकारी वाइनघरे झाली. द्राक्षाचा पैसा देताना तिथे वजनाला गोडीच्या अंशाने गुणायची पद्धत पडली. नुसत्या वजनावर पैसा दिला तर सगळे आरामोनच लावतील, हे त्यांना ठाऊक होते.

तरीही बहुतेकांची नजर वजनावरच राहिली. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला, मिसळायची वाइन आटत गेली. फ्रेंच माणूस वाइन कमी पिऊ लागला, भाव पुन्हा कोसळला आणि मार्च १९७६ मध्ये मोंतरदों येथे पुन्हा गोळ्या झडल्या. एक शेतकरी आणि एक पोलीस अधिकारी ठार झाला. यानंतर शहाण्या गावांनी आरामोन उपटून काढली, उतारावरच्या जमिनीत सिरा, ग्रनाश लावली आणि स्वतःवर नियम घालून घेतले. १९८५ मध्ये मिनेर्वुआला नावाचा अधिकृत दर्जा मिळाला. अट अशी की नेमलेल्याच जाती लावायच्या, लाल वाइनमध्ये एकाहून जास्त जाती हव्यात आणि पीक हेक्टरी सुमारे ५० हेक्टोलिटरवर थांबवायचे. पूर्वीच्या एकरी १२ हजार लिटरच्या जागी आता दोन हजार लिटर! आता तिथले मिश्रण एकाच्या गुणाला दुसऱ्याच्या गुणाची जोड देण्यासाठी होते.

म्हणून तिथे सगळे आबादीआबाद आहे असे कुणी समजू नये. वाइनचा खप फ्रान्समध्ये घटतोच आहे. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने वेली कायमच्या उपटणाऱ्याला हेक्टरी ४ हजार युरो देऊ केले. चांगला माल म्हणजे विमा नव्हे. पण नुसते वजन म्हणजे काय, हे त्यांनी दोनदा गोळ्या खाऊन पाहिले आहे.

आता आपल्या गव्हाणीकडे या. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा, को ८६०३२, कोएम ०२६५, हे सगळे एका गव्हाणीत पडते आणि एकच रस निघतो. आपली साखरही मिश्रणच आहे. फरक इतकाच की आपल्याकडे प्रमाण जाणकार ठरवत नाही. ते कधी टोळी ठरवते, कधी पाण्याची टंचाई, तर कधी वशिला ठरवतो. एक सभासद पक्व, स्वच्छ, पाचट काढलेला ऊस देतो. दुसरा दहा महिन्यांचा कोवळा ऊस वाढ्यासकट मोळीत बांधतो. काट्यावर दोघांना सारखाच दर. मग पहिला म्हणतो, “आपण तरी का थांबायचं?” हाच आपला आरामोन.

हिशोब करून पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनी ३,५५० रुपये आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे. कारखान्याचा उतारा त्यावर एक टक्का गेला तर टनी ३४६ रुपये. एकरी ४० टन ऊस धरला तर १३,८४० रुपये, तोडणी-वाहतूक कापण्याआधी. वजनात हेच पैसे मिळवायचे तर एकरी जवळजवळ चार टन वाढवावे लागतात. पण मेख इथेच आहे. उतारा सबंध कारखान्याचा धरतात. एकट्याने चांगला ऊस आणून एकट्याला काही मिळत नाही आणि एकट्याने कोवळा ऊस घुसवला तर नुकसान सगळ्यांच्या बिलात वाटले जाते.

आमचे स्पष्ट मत असे की नुसत्या वजनावर पैसा देणे आता पुरे झाले. एकदम सगळे बदलणे जमणार नाही, हे आम्हालाही कळते. पण तीन गोष्टी येत्या हंगामापासून करता येतील. एक, तोडणीची पाळी नोंदीची तारीख, जात आणि ब्रिक्स तपासणी पाहूनच लावावी, यात कुणाचीही चिठ्ठी चालू नये. दोन, गटनिहाय ब्रिक्सचे आकडे गट कार्यालयाच्या फळ्यावर लागावेत, म्हणजे कुणाचा ऊस काय दर्जाचा हे गावाला दिसेल. तीन, पक्व आणि स्वच्छ ऊस देणाऱ्याला टनामागे थोडी का होईना वेगळी रक्कम द्यावी.

हे एकतर्फी मात्र नको. ऊस तुटून फडात दोन-दोन दिवस वाळत पडतो, तेव्हा गोडी सभासदामुळे जात नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे, हे बंधन कारखान्याने, म्हणजे आमच्या खात्यानेही, स्वतःवर घ्यावे. टोळी वेळेवर आली नाही म्हणून ऊस पेटवायची पाळी सभासदावर आणून मग त्यालाच कपात लावणे, हा न्याय नव्हे.

वार्षिक सभेत दराचा प्रश्न दरवर्षी निघतो आणि निघालाच पाहिजे. यंदा त्याच्या जोडीला हाही प्रश्न सभासदांनी मांडावा. गव्हाणीत काय पडते, यावरच दर ठरतो. बाकी सभासद सुज्ञ आहेत.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते