दोनशे रेघा आणि एक चहा

मित्रांनो, आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांना पकडा. मुद्दा मात्र पक्का आहे: थ्री-डी स्कॅन चालू असताना मशीन सोडून जायचं नाही. कोणी म्हणेल, एवढ्यासाठी लेख? हो, एवढ्यासाठीच.

स्टायलस प्रोफायलर मेकॅनिकलवाल्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगते. हिऱ्याची बारीक सुई, टोकाची त्रिज्या साधारण २ ते ५ मायक्रॉन, पृष्ठभागावरून सरकते आणि तिचं वर-खाली होणं मोजलं जातं. त्यातून एक रेघ मिळते. पण एका रेघेवर किती विश्वास ठेवायचा? आपलं लोणारच बघा. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून खोली दीडशे मीटरच्या आसपास. जिल्ह्यातून तुम्ही सरळ एक रेघ मारली आणि ती दोन किलोमीटर बाजूने गेली, तर तुमच्या हिशेबात लोणार नाहीच! म्हणून शेजारी-शेजारी रेघा मारून, त्या जोडून नकाशा करायचा. अडचण वेळेची. १ मिलिमीटर बाय १ मिलिमीटर जागा, दर ५ मायक्रॉनला एक रेघ, म्हणजे २०० रेघा. सेकंदाला ०.१ मिलिमीटर वेगाने एका रेघेला १० सेकंद, सुईचं परत येणं धरून १६. झाली ना ५३ मिनिटं!

इथेच आम्ही माती खाल्ली. ग्राइंडिंग केलेला स्टीलचा तुकडा घेऊन आम्ही दोघी रात्रीच्या गाडीने दुसऱ्या शहरातल्या एका लॅबमध्ये गेलो होतो. स्लॉट एकच. पहिल्या दहा-बारा रेघा छान आल्या. मैत्रीण म्हणाली, "चाल ना वं, कम्प्युटर करते सगळं. चहा घेऊन येऊ." गेलो. परत येऊन बघतो तर नकाशाला पायरी पडलेली! सत्तराव्या रेघेपासून पुढचं सगळं उचललेलं. सुईच्या टोकाला धूळ नाहीतर एखादा तंतू चिकटला होता. समोर बसलो असतो तर एकोणिसाव्या मिनिटाला थांबवून, टोक साफ करून पुन्हा सुरू करता आलं असतं.

खरी भानगड पुढेच आहे. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रेघ वेगवेगळी समतल करायची सोय असते. ती वापरली आणि पायरी गायब. रिपोर्टच्या कव्हरवर छापावा असा रंगीत नकाशा! शिवाय खडबडीतपणाचा आकडा, म्हणजे एसए, अपेक्षेपेक्षा चांगला आला. का नाही येणार? कचऱ्याने टोक जाड झालेलं, बारीक दऱ्यांत ते शिरलंच नाही. म्हणजे घाण सुईने आमच्या ग्राइंडिंगला सर्टिफिकेट दिलं. चार दिवस तो आकडा आमच्या रिपोर्टमध्ये होता. मला माहीत होतं, तिलाही. बोलत कोणीच नव्हतं.

शेवटी सरांना सांगितलं. सर रागावले नाहीत, ते जास्त लागलं. आता रिपोर्टमध्ये फक्त पहिल्या ६९ रेघांचा पट्टा आहे, आणि बाकीचं का काढलं तेही लिहिलंय. नकाशा चिंचोळा दिसतो. मार्क जातील कदाचित.

ज्युनिअर्सनो, रेघा येताना बघत जा, आणि त्या कच्च्या बघा, समतल केलेल्या नाही. एकदम वर उडी दिसली तर सुईवर संशय घ्या. हळूहळू एकाच दिशेने सरकत गेल्या तर तो ड्रिफ्ट, खोलीचं तापमान बदलल्यानेही होतो. शेवटी टोक साफ करून त्या रेघांना काटकोनात एक रेघ मारा आणि नकाशाशी जुळवा. सोळा सेकंदांचं काम. अ‍ॅल्युमिनियम किंवा आपल्या खामगावची चांदी असेल तर सुईनेच ओरखडे पाडले नाहीत ना, हे मायक्रोस्कोपखाली पाहा. आणि सरांना एक विनंती: व्हायवात रंगीत नकाशा बघून खूश होऊ नका, कच्ची फाइल मागा. आमच्यासारख्यांची चार दिवसांची झोप वाचेल.

दुसरा स्लॉट मागितलाय. मिळाला तर थर्मास नेऊ. तो लॅबच्या दाराबाहेर राहील, आणि चहा दोनशेव्या रेघेनंतर.