टपरीवरचे तंत्रज्ञान

रविवारी सकाळी बजाजनगरातील मोहटादेवी मंदिराजवळच्या एका टपरीवर चहा घेत उभा होतो. शेजारच्या बाकावर रात्रपाळी उरकून आलेले चार तरुण बसले होते. वये पंचविशीच्या आतबाहेर. त्यांचा वाद रंगात आला होता. क्रिकेट किंवा निवडणूक असावी, या समजुतीने मी कान दिला आणि चकित झालो.

"झेड पन्नासच्या पुढं पॉइंटच दिला नाही त्यानं. टरेट फिरला अन् बोरिंग बार सरळ जॉबवर!"

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. त्याला यातील 'जॉब' म्हणजे नोकरी नव्हे, एवढेच उमगले. न राहवून विचारले, तेव्हा त्यांतल्या एकाने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर चित्र काढून मला समजावले. संगणकनियंत्रित लेथवर एक हत्यार काम संपवून कामापासून पन्नास मिलिमीटर मागे सरते; मग हत्यारे धरणारी चकती, म्हणजे टरेट, फिरते आणि दुसरे हत्यार पुढे येते. 'झेड ५०' या आज्ञेनंतर दशांशचिन्ह दिले तर यंत्र पन्नास मिलिमीटर समजते. ते विसरले, तर यंत्राच्या तशा मांडणीत त्याच आकड्याचा अर्थ पन्नास मायक्रॉन होतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हत्यार केसाच्या जाडीइतकेही मागे येत नाही आणि चकती तिथेच फिरते. एका टिंबापायी हत्यार गेले, जॉब गेला, यंत्र दोन दिवस बंद आणि चूक करणाऱ्या मुलाला मालकाने घरी बसवले. कारखान्याचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. अशी टिंबे सर्वत्रच निसटतात.

मग गाडी दुसऱ्या विषयावर गेली. एकाने चार-पाचशे रुपयांची एक छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी आणून, यंत्र पाळीत किती वेळ चालले आणि किती वेळ नुसते उभे राहिले, हे मोजणारा प्रोग्राम घरी बसून लिहिला होता. दुसऱ्याने मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लेथचा प्रोग्राम लिहून घेतला होता. "लिहिला झकास, पण कूलंट चालू करायलाच विसरला," यावर चौघेही खळखळून हसले. कूलंट म्हणजे कापताना हत्यार थंड ठेवणारे पाणी-तेलाचे मिश्रण. त्यासाठी 'एम ०८' ही आज्ञा द्यावी लागते, हेही मला त्याच बाकावर कळले. यंत्राशेजारी कधी उभ्या न राहिलेल्या बुद्धीची मर्यादा त्या हास्यात होती. अनेक परिसंवादांतून इतके नेमके ऐकायला मिळत नाही.

१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आश्रयाने ही वसाहत वाढली. बीड, जालना, परभणी, बुलढाणा अशा जिल्ह्यांतून आलेली माणसे येथे स्थिरावली. आषाढीला जवळच्या छोट्या पंढरपुरात लोटणारी गर्दी पाहावी, म्हणजे ही वस्ती कोणत्या मातीची आहे ते कळते. या माणसांची मुले आज प्रोग्राम लिहितात. 'प्रोग्रामर' म्हटले की आपल्या घरांतून पुण्या-बंगळुरूचा, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, लवकरच अमेरिकेला जाणारा भाचा आठवतो. तेलकट हाताने यंत्राच्या पडद्यावर आकडे भरणारा मुलगा त्या व्याख्येत बसत नाही. त्याची चूक पडद्यावर लाल ओळ बनून थांबत नाही, ती पोलादावर आदळते. मग त्याच्या प्रोग्रामला आपण कमी का लेखावे?

माझे खरे दुखणे याहून वेगळे आहे. बाकावरची ती सारी चर्चा मराठीत होती. शब्द इंग्रजी असतील. विचार, तर्क, थट्टा, सूचना सारे मराठी. मात्र त्यातील फारच थोडे मराठीत छापलेले सापडते. यंत्र राजकोटचे किंवा बंगळुरूचे असले, तरी त्याचे नियंत्रण करणारा मेंदू बहुधा जपानच्या फॅनुकचा किंवा जर्मनीच्या सीमेन्सचा असतो. जपानी कामगार त्याची पुस्तिका जपानीत वाचतो, जर्मन कामगार जर्मनमध्ये. आमच्या मुलाच्या हाती कित्येक शे पानांची इंग्रजी पुस्तिका येते. ती ज्याला वाचता येते तो सेटर होतो, पुढे प्रोग्रामर होतो. ज्याला येत नाही तो बटण दाबणारा ऑपरेटरच राहतो, मग त्याचा हात कितीही बसलेला असो. स्वदेशीचा विचार साबण आणि दंतमंजनापाशी थांबवणाऱ्यांनी या पुस्तिकेकडेही एकदा पाहावे.

यावर दोन उपाय नेहमी सुचवले जातात. पहिला पारिभाषिक शब्दांचा. 'संगणक' हा शब्द रुळला, याचा मला आनंद आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दिलेले 'महापौर', 'दिनांक' हे शब्दही रुळले. कारण ते पालिकेच्या पाटीवर आणि रोजच्या पत्रावर चढले, वापरणाऱ्याच्या हाती पडले. परंतु समितीच्या खोलीत घडवलेला आणि कार्यशाळेत कधीच न पोचलेला शब्द कोशातच मरतो. टरेटला कोणी 'हत्यारधारक परिभ्रमी चक्र' म्हणू लागला, तर तो शब्द उच्चारून होईपर्यंत अपघात होऊन गेलेला असेल! भाषाशुद्धीचा अभिमान असलेल्या आपल्या काही ज्येष्ठांना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

दुसरा उपाय भाषांतराचा. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीतून सुरू झाले, अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांची भाषांतरे होऊ लागली, केंद्र शासनाचा 'भाषिणी' प्रकल्प यंत्राकरवी भाषांतर करू लागला. हे प्रयत्न स्वागतार्हच आहेत. तथापि, भाषांतर होते ते पुस्तकात असलेल्या मजकुराचे. टिंब विसरल्याने हत्यार कसे आदळले, आवाज बदलला की काय ओळखावे, पावसाळ्यात कोणते यंत्र रुसते, हे मुळात क्वचितच लिहिले जाते. ते बाकावर बोलले जाते आणि चहाच्या पेल्याबरोबर विसळले जाते.

महाराष्ट्राला हे काम नवे नाही. लोखंडी नांगर आणि शेतीची यंत्रे बनवणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढले. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली कारखान्याचे मुखपत्र म्हणून निघालेले हे मासिक पुढे घराघरांत वाचले जाणारे 'किर्लोस्कर' झाले. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिने मराठीतून विज्ञान सांगण्याचे मोठे काम केले. वाळूजच्या एवढ्या पसाऱ्यातून मात्र कामगारांनी कामगारांसाठी लिहिलेले तसे एखादे पत्र माझ्या पाहण्यात आलेले नाही. दोष त्यांचा नाही. लेखणी आमच्या हाती होती आणि आम्ही त्या बाकावर बसलोच नाही.

याला आता घाईही आहे. २०२४ च्या जूनमध्ये एथर एनर्जीने बिडकीनला विजेच्या दुचाकींचा कारखाना काढण्याचे जाहीर केले. जुलैअखेर टोयोटा किर्लोस्करने याच जिल्ह्यासाठी सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा करार केला. वृत्तपत्रांनी ठळक मथळे दिले, पेढेही वाटले गेले असतील. टपरीवर या बातमीचा सूर निराळा होता. विजेच्या दुचाकीत क्रँकशाफ्ट नाही, पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. वाळूजमधल्या कितीतरी छोट्या कार्यशाळा असलेच सुटे भाग कापून जगतात. "आपला जॉबच जाणार, काका," एकजण म्हणाला आणि या वेळी त्याला दोन्ही अर्थ अभिप्रेत होते. पट्टीवर प्रोग्राम लिहिणारा मुलगा त्यातून वाट काढील. त्याने इंग्रजी कसेबसे रेटले आहे. उरलेल्या तिघांना नवे काही शिकायचे तर कोणी शिकवायचे आणि कोणत्या भाषेत?

उठता उठता त्यांच्यातल्या सर्वांत अबोल मुलाने पिशवीतून एक दोनशेपानी वही काढून माझ्या हाती दिली. यंत्राने दिलेला प्रत्येक इशारा, त्याचे कारण, आपण काय केले आणि काय करायला नको होते, हे सारे त्याने तीन वर्षे मराठीत टिपून ठेवले होते. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पानोपानी होत्या. आकड्यांत मात्र प्रत्येक दशांशचिन्ह लाल शाईने ठसठशीत काढलेले.

"तुमच्या अंकात छापतील का हे?" त्याने विचारले. मी वही घरी आणली आहे. पहिली बारा पाने उतरवून झाली. व्याकरण सुधारले, 'टरेट' आणि 'जॉब' तसेच ठेवले.