कपाटातला सेन्सर बांधावर आणा

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला जमिनीतला ओलावा मोजणारा सेन्सर हा मुलांचा ठरलेला विषय. परीक्षक येतात, दिवा लागतो, मोटार सुरू होते, गुण मिळतात आणि बोर्ड विभागाच्या कपाटात जाऊन पडतो. पुढं काय केलंत, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: "सर, याला मार्केट नाही."

खरंच नाही! तीन एकर सोयाबीन-तूर करणाऱ्या माणसासाठी कोणती कंपनी वेगळं यंत्र काढील, आणि बिघडलं तर आपल्या परभणी जिल्ह्यातल्या पालम-सोनपेठला माणूस पाठवील? कंपनीचा हिशेब चुकलेला नाही. पण तिला परवडत नाही म्हणून आपली गरज थोडीच संपते?

आणि गरज साधी नाही. वापसा आला की नाही हे शेतकरी मुठीत माती दाबून ओळखतो. फूटभर खाली काय आहे, ते मूठ सांगत नाही. स्वस्त कपॅसिटिव्ह सेन्सर ते सांगू शकतो. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा जेमतेम ३ ते ५. एवढ्या फरकावर त्याचं सगळं काम चालतं. पण आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. भेगेतून सेन्सरच्या पट्टीभोवती हवा शिरली की सेन्सर मातीचं सोडून हवेचं माप सांगू लागतो. म्हणून इथल्या मातीशी त्याचा मेळ घालावा लागतो: ओला नमुना तोलायचा, १०५ अंशांवर २४ तास वाळवायचा, पुन्हा तोलायचा, आणि हे वेगवेगळ्या ओलाव्यावर करत राहायचं. कंटाळवाणं काम आहे. पण त्यातून निघणारा तक्ता बोर्डापेक्षा मोलाचा, आणि तो परदेशातून येणार नाही.

तेव्हा मित्रांनो, उघडा ती कपाटं! विकलं जात नाही ना, मग वाटून टाका. सर्किट, बोर्डाची फाईल, सुट्या भागांची यादी, प्रोग्राम, आणि कोणत्या गावच्या मातीवर तपासलं त्याचा तक्ता, सगळं जाहीर करा. कुठं फसलं तेही लिहा. पुढच्याचा हंगाम वाचेल. बोर्ड आखायला किकॅडसारखं सॉफ्टवेअर फुकट आहे.

"कोणी चोरलं तर?" ही भीती पोकळ नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेलं एचएमटी भाताचं वाण दूरवर पसरलं, पण श्रेयासाठी त्यांना झगडावं लागलं. म्हणून द्यायचं ते नावानिशी आणि परवान्यानिशी. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने २०११ मध्ये खुल्या हार्डवेअरसाठी परवाना काढला. त्याच्या कडक प्रकारात तुमच्या आराखड्यात सुधारणा करून वस्तू विकणाऱ्याला ती सुधारणाही खुली करावी लागते. शिवाय एकदा तारखेनिशी जाहीर केलेल्या रचनेवर दुसऱ्याला नवेपणाचा दावा सांगून पेटंट मिळवणं अवघड होतं.

खेड्यात हे जमेल का, असं वाटत असेल तर पुणे जिल्ह्यातलं पाबळ पाहा. तिथं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी (वस्तू घडवण्याच्या खुल्या कार्यशाळांपैकी) एक २००२ मध्ये तिथं, खेड्यात, उभी राहिली. परभणीकडे तर १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, कृषी अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे. परभणी क्रांती भेंडी इथलीच. तिचं बी शेतकऱ्यांनी धरलं, शेजाऱ्याला दिलं. बियाण्याला जमलं ते बोर्डाला का जमू नये?

प्राध्यापकांनो, नव्या तुकडीला नवा विषय देण्याआधी मागच्या तुकडीचा बोर्ड तिच्या हाती द्या. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत डाग देणारी पोरं बसली आहेत, त्यांनाही हाक मारा. बांधावरची दुरुस्ती तीच करणार. सेलूच्या मातीचा तक्ता जिंतूरकरांनी आपल्या मातीवर घासून पाहावा आणि चूक निघाली तर खुशाल छापावी. पहिली फाईल यंदा हरभऱ्याच्या पेरणीआधी इंटरनेटवर चढली पाहिजे, मग ती अर्धवट का असेना.