थवा आणि बाटली

मायकल क्रायटन यांची ‘प्रे’ ही इंग्रजी कादंबरी २००२ साली प्रसिद्ध झाली. नेवाडाच्या वाळवंटातील एका कारखान्यातून अतिसूक्ष्म यंत्रकणांचा थवा निसटतो, स्वतःच शिकू लागतो आणि अखेर माणसाची शिकार करतो, असे तिचे कथानक. वाचकाला दम घेऊ न देणारी ही कादंबरी आहे, हे निर्विवाद. तरीही तिच्यावर माझा एक आरोप आहे. नॅनो तंत्रज्ञानाविषयी तिने आपल्याला भलत्याच जागी भ्यायला शिकवले.

असा थवा माणसाचा पाठलाग करू शकणार नाही, हे फ्रीमन डायसन या भौतिकशास्त्रज्ञाने २००३ सालीच दाखवून दिले. वस्तू जितकी लहान, तितका तिला हवेचा अडसर मोठा. धावत्या माणसाला गाठणे तिला कसे जमावे? कोणी म्हणेल, कादंबरीला विज्ञानाची कसोटी कशाला? मान्य. परंतु पुस्तक मिटल्यावरही भीती मनात उरते, आणि राक्षसाची वाट पाहणाऱ्याचे लक्ष फळीवरच्या बाटलीकडे जात नाही.

ती बाटली पाहण्यासाठी नेवाडाला जावे लागत नाही. म्हसवडसारख्या माणदेशी गावचा शेतकरी आज ज्या नॅनोशी व्यवहार करतो, तो म्हणजे नॅनो युरिया. ‘इफ्को’ने २०२१ साली तो बाजारात आणला. अर्ध्या लिटरची एक बाटली युरियाच्या ४५ किलोंच्या एका पोत्याचे काम करते, असा दावा करण्यात आला.

वाचकहो, येथे प्रयोगशाळा नको, शाळेतले गणित पुरे. पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलोंहून अधिक. त्या मूळ बाटलीत ४ टक्के, म्हणजे अवघे २० ग्रॅम. फरक हजारपटीचा! पुढे अधिक नत्राची बाटली आली. तीत २० टक्के धरले तरी १०० ग्रॅमच होतात. कण सूक्ष्म असल्याने पानात थेट शिरतात, नासाडी टळते, हा उत्पादकांचा युक्तिवाद. तो पूर्ण खरा मानू. पोत्यातले निम्म्याहून अधिक नत्र वाया जाते, हेही मान्य करू. तरी कार्यक्षमता शंभर टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही. वीस ग्रॅम नत्र सगळेच्या सगळे दाण्यात उतरले, तरी ते एक-सव्वा किलो ज्वारीला पुरेल. उरलेले पीक कशावर उभे राहणार?

शेताची साक्षही काढू. पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षे घेतलेल्या चाचण्यांत नेहमीचे नत्र निम्मे करून नॅनो युरिया फवारण्यात आला. गव्हाचे उत्पन्न एकपंचमांशाहून अधिक घटले, भाताचे सुमारे १३ टक्के. उत्पादकांच्या चाचण्या याच्या उलट सांगतात. मग निवाडा व्हावा तो तिऱ्हाइताकडून, विकणाऱ्याकडून नव्हे.

पर्जन्यछायेतल्या या मुलखात ही चूक महाग पडते. ब्रिटिश अमदानीत बांधलेला राजेवाडीचा तलाव शेजारी असूनही माणदेशाची कोरडवाहू शेती पावसाच्या एखाद-दुसऱ्या सरीवर तगते. तेथे पिकाची उपासमार झाली, तर दुसरी संधी मिळत नाही. त्यातच पोत्यासोबत नको असलेली वस्तू गळ्यात मारण्याची, बाजारात जिला ‘लिंकिंग’ म्हणतात ती, चाल असेल, तर शेतकऱ्याला निवडीचे स्वातंत्र्यही उरत नाही.

हा विज्ञानाला विरोध नव्हे. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने २००४ सालीच बजावले होते की सूक्ष्म कण हे नवे रसायन समजून तपासावेत आणि तोवर ते निसर्गात सोडणे शक्यतो टाळावे. तपासणी हीच विज्ञानाची रीत आहे. म्हणून मागणी साधी आहे: बाटलीवर नत्र ग्रॅममध्ये ठळक छापा, ज्वारी-बाजरीवर, माणच्याच रानात, स्वतंत्र चाचण्या घ्या, आणि सक्तीची विक्री थांबवा.

थव्याला बुद्धी फुटण्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. आपण आपली बुद्धी वेष्टनावरच्या एका शब्दापुढे गहाण टाकतो, भय आहे ते त्याचे.